तांबेऱ्याला गहू ओळखतो, पण किती दिवस?

काळ्या तांबेऱ्याने धरलेल्या गव्हाच्या काडीवरून बोट फिरवा, बोटाला विटकरी भुकटी लागेल. हे बुरशीचे बीजाणू. वाऱ्यावर ते शेकडो किलोमीटर जातात. म्हणूनच बियाणं घेताना शेतकरी हमखास विचारतो, ‘वाण तांबेऱ्याला प्रतिकारक आहे ना?’ दुकानदार ‘हो’ म्हणतो आणि विषय संपतो. माझ्या मते हा प्रश्न अर्धवट आहे. ‘कशामुळे प्रतिकारक?’ हेही विचारायला हवं.

गहू बुरशीला ओळखतो कसा?

आपल्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी फिरत असतात. गव्हाकडे तशी सोय नाही, प्रत्येक पेशीला आपला बंदोबस्त आपणच करावा लागतो. बुरशी पेशीत स्वतःची प्रथिनं सोडते आणि पेशीची यंत्रणा थंड करते. पण पेशीच्या आत काही ग्राहक प्रथिनं दबा धरून असतात. शास्त्रज्ञ त्यांना ‘एनएलआर’ म्हणतात. एक ग्राहक सहसा बुरशीचं एकच ठरावीक प्रथिन ओळखतो.

एसआर ३५ हे जनुक बघा. आइनकॉर्न या प्राचीन गव्हातून ते आलं. त्याचा ग्राहक बुरशीचं कोणतं प्रथिन पकडतो, हे २०१७ मध्ये कळलं. पुढे २०२२ मध्ये त्याची रचनाही दिसली. बुरशीचं प्रथिन चिकटलं की असे पाच ग्राहक एकत्र येऊन चक्र तयार करतात. ते चक्र पेशीच्या पडद्यात वाट उघडतं, कॅल्शियम आत घुसतं आणि ती पेशी मरते. या बुरशीला जिवंत पेशीच लागते, त्यामुळे तिची तिथेच उपासमार होते. मी इंजिनिअरिंग शिकलो, पण इतका साधा आणि निर्दय ‘फ्यूज’ कुठल्या सर्किटमध्ये पाहिला नाही.

(आपला खपली गहूही यात मागे नाही. एसआर १४ हे जनुक त्याच्यातूनच आलंय.)

मग अडचण काय?

ग्राहक चेहरा ओळखतो आणि बुरशी चेहरा बदलते. एसआर ३५ ला चकवणाऱ्या बुरशीत तर ते प्रथिनच निकामी झालेलं आढळलं. ओळखायला काही उरलंच नाही.

याची किंमत जगाने मोजली आहे. राय या धान्यातून आलेलं एसआर ३१ अनेक देशांतल्या वाणांत होतं. उत्तर भारतात लाखो हेक्टरवर पेरलेल्या पीबीडब्ल्यू ३४३ मध्येही होतं. काही दशकं त्याने काळा तांबेरा रोखून धरला. १९९८ मध्ये युगांडात त्याला न जुमानणारी बुरशी सापडली, तीच ‘यूजी ९९’. केनिया, इथिओपिया, येमेन करत ती २००७ मध्ये इराणपर्यंत पोहोचली. सगळ्यांनी एकाच कुलपावर भिस्त ठेवली आणि चोराला किल्ली सापडली.

उपाय माहीत आहे: एका वाणात अनेक जनुकं. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी पाच जनुकं एकत्र जोडून गव्हात घातली. बुरशीला एकाच वेळी सगळ्यांना चकवणं फार अवघड जातं. पण तो गहू जनुकीय सुधारित आहे आणि भारतात अशा गव्हाच्या लागवडीला परवानगी नाही. त्यावर वाद जरूर घाला. पण नेहमीच्या संकरातूनही दोन-तीन जनुकं एकत्र आणता येतात. वेळ मात्र जास्त लागतो.

महाराष्ट्राचा इथे थेट संबंध आहे. मैदानी भागातल्या उन्हाळ्यात तांबेरा टिकत नाही, तो दरवर्षी डोंगरांतून खाली येतो, हे आग्र्याचे प्रा. के. सी. मेहता यांनी दाखवून दिलं. दक्षिणेत हे डोंगर म्हणजे निलगिरी आणि पळणी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं गहू गेरवा संशोधन केंद्र महाबळेश्वरला आहे, आणि बुरशीने कोणतं रूप घेतलं यावर नजर ठेवणाऱ्या अशा कामाला पैसा कमी पडता कामा नये. यंदाचं प्रतिकारक वाण पाच वर्षांनीही तसंच राहील, असं कोणीच सांगू शकत नाही.

माझी मागणी छोटी आहे. ‘साथी’ पोर्टलचा क्यूआर कोड बियाण्यांच्या पिशव्यांवर येऊ लागला आहे, त्यातून बियाणं कुठून आलं ते कळतं. त्यातच आणखी दोन ओळी हव्यात: या वाणात तांबेऱ्याविरुद्ध कोणती जनुकं आहेत, आणि त्याची शेवटची चाचणी कोणत्या वर्षी झाली.