आधी पाय, मग पाणी!

फिशटँकचे रील्स तुम्ही बघितले असतीलच. हिरव्यागार पाणवनस्पती, निळसर लाइट, निऑन टेट्रांचा थवा आणि मागे संथ म्युझिक. दोन-चार रील्स बघितले की वाटायला लागतं, यार, आपल्याही हॉलमध्ये असा टँक पाहिजेच. मग दुकानात गेल्यावर आपण काय काय विचारतो? फिल्टर कुठला घेऊ, लाइट किती वॉटचा, गोल्डफिश की एंजल? पण 'हा टँक ठेवायचा कशावर?' हे क्वचितच कुणी विचारतं.

त्याचं उत्तर टँक घरी आल्यावर शोधलं जातं. जुनं टीव्ही युनिट, कॉम्प्युटर टेबल, नाहीतर दाराजवळचा चपलांचा रॅक. 'मावतोय ना वर? मग झालं!' इथेच माझं भांडण आहे. मावणं वेगळं आणि पेलणं वेगळं. म्हणून माझा सल्ला असा, की टँकच्या आधी त्याचा स्टँड बनवा. आणि जमत असेल तर तो लाकडाचा आणि स्वतःच्या हाताने बनवा.

साडेपाच सिलिंडर

आधी जरा आकडेमोड करू. आपल्याकडे टँक फुटांत विकले जातात. त्यामुळे लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणा आणि आलेल्या आकड्याला 28ने गुणा. एक घनफूट पाणी म्हणजे साधारण 28 लिटर आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच टँक घेतला तर साडेचार घनफूट, म्हणजे सव्वाशे किलो नुसतं पाणी. काच 8 मिलिमीटरची असेल तर तिचेच 25 किलोच्या वर होतात. वाळू आणि दगड धरा 15 किलो. सगळं मिळून 165 किलोच्या आसपास!

घरातला भरलेला गॅस सिलिंडर साधारण 30 किलोचा असतो. म्हणजे हे झाले साडेपाच सिलिंडर. चपलांच्या रॅकवर साडेपाच सिलिंडर रचायची तुमची हिंमत होईल? मग पाणी दिसायला हलकं वाटतं म्हणून आपण एवढे बिनधास्त का असतो?

शिवाय हे वजन तासाभराचं नाही. दिवसरात्र, वर्षानुवर्षं ते तिथेच बसून राहणार. गोल्डफिश नीट सांभाळला तर दहा वर्षंही जगतो. तयार फर्निचरमधला पार्टिकल बोर्ड अशा कायमच्या ओझ्याखाली हळूहळू झोळ धरतो आणि पाणी लागलं की बिस्किटासारखा फुगतो. टँकच्या आसपास पाणी सांडणार नाही, असं घर मी तरी अजून बघितलेलं नाही.

खरा शत्रू डुगडुग

बहुतेकांना वाटतं, स्टँड मजबूत करायचा म्हणजे जाडजूड लाकूड लावायचं. गंमत अशी, की चांगल्या लाकडाचा दोन बाय दोन इंची, अडीच फुटी पाय सरळ उभ्या दाबाखाली एकटाच टनभर वजन सहज पेलतो. लाकूड चिरडून स्टँड कोसळत नाही. तो जातो सांध्यांतून आणि बाजूला कलल्यामुळे.

म्हणून दोन गोष्टी डोक्यात पक्क्या बसवा. पहिली, वजन लाकडावरून लाकडावर उतरलं पाहिजे, स्क्रूवरून नाही. वरची चौकट पायांच्या डोक्यावर बसली पाहिजे. पायांच्या बाजूला आडव्या पट्ट्या स्क्रूने टांगून त्यावर टँक ठेवलात, तर ते साडेपाच सिलिंडर चार-आठ स्क्रूंवर लटकताहेत असं समजा. पट्टी बाजूनेच लावायची असेल तर पायात तिच्या मापाची खाच पाडा, म्हणजे ती खाचेत टेकेल. स्क्रू आणि फेविकॉलचं काम फक्त जोड हलू न देण्याचं.

दुसरी गोष्ट डुगडुगीची. चार पाय आणि वर चौकट एवढंच केलंत तर चौकोन ढकलला की तिरपा होतो. त्रिकोण होत नाही. म्हणून मागच्या बाजूला एक तिरपी पट्टी मारा किंवा पूर्ण पाठ प्लायने बंद करा. दोन्ही कडांनाही तेच करा. एवढ्याने स्टँडचा स्वभावच बदलतो.

लाकूड कोणतं? सागवान उत्तमच, पण खिशाला झेपत नसेल तर वखारीत जाऊन सरळ, कोरडं, गाठी नसलेलं पाइनचं लाकूड निवडा. पुण्यातल्या मंडळींना भवानी पेठेचं टिंबर मार्केट आहेच, आणि बाकी गावांतही एखादी वखार असतेच. वरच्या फळीसाठी 18-19 मिलिमीटरचा प्लाय घ्या आणि त्यावर आयएस 710 हा शिक्का बघा. तो मरिन प्लायचा. आयएस 303मधला साधा एमआर प्लाय दमटपणा सोसतो, पण सतत ओलं राहणं त्याला मानवत नाही.

पायांच्या तळाला पॉलिशचे दोन हात जास्त द्या आणि खाली रबराचे तुकडे लावा. का? कारण आपल्या घरात रोज फरशी पुसली जाते आणि लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते कापलेल्या टोकाकडून. शेवटी पाणसळ लावून वरची फळी दोन्ही दिशांनी तपासा. फळी पिळलेली असेल तर काच एका कोपऱ्यावर ताण घेते आणि तडा जातो तो तिथूनच. तळाची काच सपाट टेकणारा टँक असेल तर खाली थर्माकोलची शीट घाला. बारीकसारीक उंचसखलपणा ती गिळून टाकते. पण मोठा वाकडेपणा झाकायला तिचा वापर करू नका.

तयार झाला? आता वजनदार अशा तीन मित्रांना त्यावर बसवा आणि डावी-उजवीकडे हलायला सांगा. करकर ऐकू आली तर माशांच्या आधी सुतारकाम. टँक भरतानाही पाव, अर्धा, पाऊण असं थांबत थांबत भरा आणि प्रत्येक वेळी पाणसळ बघा.

'लोखंडी आणला तर?'

हा प्रश्न येणारच. वेल्डिंग केलेला लोखंडी अँगलचा स्टँड मजबूत असतो, ते मी नाकारत नाही. पण मुंबई-कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत रंग उडाला की गंज सुरू. शिवाय त्याचे टोकदार पाय सगळा भार चार ठिपक्यांवर टाकतात आणि टाइल तडकते. लाकडी स्टँडला खाली आडवी पट्टी दिली की भार पसरतो.

भार पसरण्याचा मुद्दा आपल्या फ्लॅटपुरता नाही. घरांच्या स्लॅबचं डिझाइन करताना खोल्यांसाठी दर चौरस मीटरला साधारण 200 किलो वापराचं वजन धरतात. तुमचा टँक पाव चौरस मीटरच्या थोड्या वरच्या जागेत 165 किलो उभे करतो. तीन फुटी टँकला चांगल्या इमारतीत अडचण येऊ नये, पण तो खोलीच्या मधोमध नको. भिंतीलगत, बीमजवळ ठेवा. चाळीतली जमीन लाकडी तुळयांवर असेल, किंवा तुम्हाला चार-पाच फुटी टँकचा मोह झाला असेल, तर आधी इंजिनिअरला विचारा. तुमची फरशी हे खालच्या काकूंचं छत आहे, हे विसरून कसं चालेल? घरात लहान मूल असेल तर स्टँड मागून भिंतीला एल-क्लॅम्पने बांधा. फूटभर रुंदीचा उंच स्टँड लटकून ओढायला त्याला वेळ लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं स्वतः करण्यापेक्षा सुताराला सांगू. जरूर सांगा. पण त्याच्या शेजारी बसा, करवत हातात घ्या, खाच का पाडतात ते विचारा. 'जुगाड' या शब्दाचं आपल्या पिढीला फार कौतुक आहे. मोबाइल स्टँडसाठी ते ठीक. जिथे वजन, पाणी आणि वीज एकत्र येतात तिथे जुगाड म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर मारलेली फुशारकी. त्याउलट एकदा स्वतः स्टँड बांधला की नजर बदलते. बुकशेल्फ घेताना, माळ्यावर सामान चढवताना, भाड्याचं घर बघताना डोक्यात आपोआप प्रश्न येतो की हा भार जातोय कुठे? असं विचारणारी चार माणसं प्रत्येक सोसायटीत हवीत, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा येत्या रविवारी माशांच्या दुकानात जायचा बेत असेल तर तो एक आठवडा पुढे ढकला. मेजरिंग टेप, वही आणि एक मित्र घेऊन आधी वखारीत जा. मासे काय, पुढच्या रविवारीही तिथेच असतील.