‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की…’

ऑनलाइन पदवीच्या जाहिरातीत हमखास एक मुलगी असते. मांडीवर लॅपटॉप, हातात कॉफीचा मग, चेहऱ्यावर हसू. तिचं हॉल तिकीट आलेलं असणार, नाहीतर ती हसली नसती.

मला या जाहिरातीचा राग येतो, कारण ती लेक्चर विकते आणि विद्यापीठ म्हणजे तेवढंच असं भासवते. लेक्चर हल्ली कुठेही मिळतं. ‘स्वयम्’वर मिळतं, यूट्यूबवर फुकट मिळतं. मिळत नाही ते लेक्चरच्या आजूबाजूचं सगळं. साध्या कॉलेजात ते कुणी मुद्दाम पुरवत नाही, तरी मिळतं. नोटीस बोर्डासमोरच्या गर्दीत कळतं की फॉर्मची तारीख वाढली. कँटीनमध्ये सीनियर सांगतो, तिसरं युनिट सोडू नकोस. शिपाईकाका सांगतात, ‘मॅडम तीननंतर येतील, तोवर मार्कशीटची झेरॉक्स काढून आण.’ यातलं काहीही माहितीपुस्तिकेत नसतं आणि कित्येक मुलं याच आधारावर तरून जातात.

ऑनलाइन विद्यार्थ्याला बाजूचा बाकच नाही. तो दिवसभर दुकानात किंवा कॉल सेंटरमध्ये राबून रात्री साडेदहाला मोबाइलवर लॉगिन करतो. त्याला अडचण येते तेव्हा कार्यालय बंद असतं आणि कार्यालय उघडं असतं तेव्हा तो ड्यूटीवर असतो.

मी जिथे ऑनलाइन एम. ए. करतेय, तिथे प्रश्न विचारला की एक तिकीट नंबर मिळतो. चार दिवसांनी उत्तर येतं, ‘कृपया संकेतस्थळ पाहावे.’ संकेतस्थळावर तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ असते. सुरुवात ‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की’, शेवटी न लागणारी सही, आणि मध्ये नऊ ओळींचं एकच वाक्य. ते बोटांनी मोठं करत, डावीकडून उजवीकडे सरकवत वाचायचं. मराठी हाच माझा विषय, तरी मला ते दोनदा वाचावं लागतं. बारावीनंतर सात वर्षांनी ज्याने पुन्हा पुस्तक उघडलंय, त्याने काय करावं?

तो टेलिग्रामवर जातो. तिथे ‘परीक्षा पुढे गेली म्हणे’ हे वाक्य अर्ध्या तासात बातमी होतं. नाहीतर तो नाक्यावरच्या सायबर कॅफेत जातो आणि स्वतःच्याच विद्यापीठाचा फॉर्म भरायला पैसे मोजतो. त्या कॅफेवाल्याला मी दोष देणार नाही. तो निदान ‘बस, बघू’ म्हणतो. विद्यार्थी सेवेचं खाजगीकरण असं आधीच झालेलं आहे, फक्त त्याची अधिसूचना निघालेली नाही.

बरं, ही अडचण आज उगवलेली नाही. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत पहिले विद्यार्थी शिकू लागले ते जानेवारी १९७१ मध्ये. लोकांच्या लक्षात राहिले ते तिचे बीबीसीवरचे कार्यक्रम. पण प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक ट्यूटर होता, गृहपाठ तपासून शेरे लिहून परत येत होते, आणि माझ्या मते विद्यापीठ उभं राहिलं ते यावर. तिथल्याच डेव्हिड सीवर्ट यांनी १९७८ मध्ये दूरस्थ विद्यार्थ्यांबद्दलच्या काळजीच्या सातत्यावर निबंध लिहिला. मुद्दा साधा होता. पुस्तकांचं पार्सल कितीही उत्तम असो, मधे माणूस लागतो. आपल्याकडे इग्नू १९८५ मध्ये आलं, नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये, ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन. त्या व्यवस्थेत निदान अभ्यासकेंद्र होतं, रविवारी संपर्कवर्ग होते, शेजारी बसलेला एखादा पोलीस हवालदार किंवा आशाताई होती. ऑनलाइनच्या उत्साहात आपण ते केंद्र काढलं आणि त्या जागी चॅटबॉट बसवला. तो ‘नमस्कार, मी आपली काय मदत करू शकतो?’ विचारतो आणि मदत सोडून सगळं करतो.

माझी मागणी महागडी नाही. विद्यार्थी सेवा विभागातल्या एका माणसाने आठवड्यातून एकदा, साध्या मराठीत, सर्वांना दिसेल असं लिहावं. खाली स्वतःचं नाव घालावं, ‘सक्षम प्राधिकारी’ नको. या आठवड्यात कुठले प्रश्न आले, त्यांची उत्तरं काय, कुठलं उत्तर आमच्याकडेही अजून नाही. हेल्पलाइनवर दिलेलं उत्तर फोन ठेवला की संपतं. लिहिलेलं उत्तर पुढच्या वर्षीच्या पोरालाही सापडतं. शिवाय ‘हा प्रश्न अनेकांनी विचारला’ एवढं वाचूनच रात्री साडेदहाला एकटं बसलेल्या माणसाला वाटतं, चला, आपणच बावळट नाही. फी भरून झाल्यावर गुपचूप गळणाऱ्यांना थांबवायला मला याहून स्वस्त उपाय दिसत नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘मुलं वाचत नाहीत.’ मुलं तुमचं वाचत नाहीत. हीच मुलं रात्री दोनपर्यंत मोबाइलवर कादंबऱ्या वाचतात आणि क्रिकेटवरच्या चार पानी भांडणात तितकीच लांब उत्तरं लिहितात. दुसरं उत्तर मनुष्यबळाचं. मनुष्यबळ नाही हे खरंच आहे, पण तोच प्रश्न चारशे वेळा स्वतंत्रपणे टोलवायला जे मनुष्यबळ लागतं ते कुठून येतं? तिसरं उत्तर कुणी उघड देत नाही. नावानिशी लिहिलं की जबाबदारी येते. ‘निकाल दहा तारखेला लागेल’ असं लिहिलं आणि नाही लागला, तर अकराला त्याच माणसाला पुन्हा लिहावं लागेल. ‘कळविण्यात येते’मध्ये कळवणाराच गायब असतो, ही त्या भाषेची सोय आहे.

२०२० च्या यूजीसी नियमावलीनंतर ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. कागदावर बरोबरी झाली. आता पहिल्या आठवड्याचे विषय मीच सुचवते. एबीसी आयडीवरचं नाव आधारशी जुळत नसेल तर काय करायचं. लग्नानंतर आडनाव बदललेलीने कुठला कागद जोडायचा. परीक्षा चालू असताना लाइट गेली तर पेपर धरतात का. आणि प्रसूतीच्या महिन्यात परीक्षा आली तर कुणाला लिहायचं, त्या माणसाचं नाव.