मॅथ्स की बायो? प्रश्नच बदलूया
(कॅडेट, इयत्ता दहावी. घर : गुढियारी, रायपूर)

दहावीच्या वर्गात सध्या एकच प्रश्न फिरतो आहे. "अकरावीला काय घेणार, मॅथ्स की बायो?" मेसच्या रांगेत हाच प्रश्न, प्रेपमध्ये हाच, आणि रविवारी घरी फोन लावला की तिकडूनही हाच. सुट्टीत गुढियारीला गेलो की शेजारचे काका विचारतात, "मैथ्स या बायो?" आणि मी तोंड उघडण्याआधी निकालही देऊन टाकतात. फौजेत जायचे तर मॅथ्स, डॉक्टर व्हायचे तर बायो. ज्याला साधी बी.एस्सी. करून पुढे संशोधन करायचे आहे, त्याच्यासाठी काकांकडे उत्तर नसते.

माझे मत असे की ज्याला विज्ञानात पदवी घ्यायची आहे, त्याने शक्य असेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही विषय घ्यावेत. एकच घेता येत असेल, तर गणित सोडू नये. मला स्वतःला जीवशास्त्र जास्त आवडते, तरीही मी हे म्हणतो.

त्याचे कारण माझ्या घराजवळच आहे. गुढियारी म्हणजे रायपूर स्टेशनच्या पलीकडची वस्ती, किराण्याच्या घाऊक बाजारासाठी ओळखली जाणारी. आमच्या गल्लीतल्या माझ्या एका मित्राला सिकलसेल आहे. थंडीत त्याचे हातपाय इतके दुखतात की आठवडा-आठवडा शाळा बुडते. छत्तीसगडमध्ये आणि विदर्भातही हा आजार बराच आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारने त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. मला पुढे याच आजारावर काम करायचे आहे, पण दवाखान्यात नव्हे, प्रयोगशाळेत.

म्हणून मी त्याबद्दल वाचायला लागलो, तेव्हा लक्षात आले की हा आजार एका पुस्तकात मावत नाही. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हे जीवशास्त्र. त्या वाकतात, कारण हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, हे रसायनशास्त्र. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की निरोगी माणसाचे आणि रुग्णाचे हिमोग्लोबिन विद्युत क्षेत्रात वेगवेगळ्या तऱ्हेने सरकते. हे भौतिकशास्त्र झाले. आणि आई-वडील दोघेही वाहक असतील, तर अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक, हे गणित.

या शेवटच्या वाक्याचा अर्थ अनेकांना असा वाटतो की एक मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुखरूप. तसे नाही. प्रत्येक मुलाच्या वेळी शक्यता पुन्हा चारात एकच असते. संभाव्यतेचा धडा ज्याला नीट कळला आहे, तोच हे एखाद्या कुटुंबाला समजावून सांगू शकेल. ज्या गणिताला आपण 'बायोवाल्यांना काय करायचे' म्हणतो, ते इथे माणसाच्या संसाराशी येऊन भिडते.

मोठ्या शास्त्रज्ञांच्या वाटाही हेच सांगतात. कमला सोहोनी यांनी मुंबई विद्यापीठातून रसायन आणि भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. केली. पुढे १९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली, ती जीवरसायनशास्त्रात. नीरा आणि डाळींच्या पोषणमूल्यांवर त्यांनी काम केले. वेंकी रामकृष्णन यांनी बडोद्याला भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केली, पीएच.डी.ही त्याच विषयात, नंतर ते जीवशास्त्राकडे वळले आणि पेशीतल्या रायबोसोमच्या रचनेसाठी २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवले. भौतिकशास्त्र आणि गणिताकडून जीवशास्त्राकडे जाता येते. गणित सुटल्यावर उलट दिशेने जाणे फार अवघड.

प्रवेशाचे नियमही पाहावेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पदवीला जीवशास्त्र शिकायचे असले, तरी बारावीला भौतिक, रसायन आणि गणित हे विषय लागतात. आयसरच्या प्रवेश परीक्षेत जीवशास्त्र, रसायन, गणित आणि भौतिक या चारही विषयांचे प्रश्न असतात. म्हणजे दोघांपैकी एक विषय सोडलेला विद्यार्थी चौथा भाग कोरा ठेवून परीक्षेला बसतो. दूर जायचे नसेल, तर आमच्या रायपूरच्या रविशंकर शुक्ल विद्यापीठातही मूलभूत विज्ञानाचे केंद्र आहे.

एनडीएचे काय, हा आपल्या शाळेतला खरा प्रश्न. भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. हवाई दल आणि नौदलासाठी मात्र भौतिक, रसायन आणि गणित लागते. शिवाय लेखी परीक्षेतल्या ९०० गुणांपैकी ३०० गुणांचा पेपर गणिताचाच, तो कोणालाच चुकत नाही. आणि प्रबोधिनीतून बाहेर पडताना कॅडेटला जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते, तिच्यात बी.एस्सी.ही आहे. म्हणजे फौज आणि विज्ञान या दोन वेगळ्या वाटा नाहीतच.

उलट बाजू अशी की नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जाहीर केले, बारावी झाल्यानंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून पूर्ण केलेल्यांनाही 'नीट' देता येईल. म्हणजे बायोचे दार नंतरही उघडते. गणिताचे तसे नाही. अकरावीतले कलन ज्याने पाहिलेच नाही, त्याला ते बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी एकट्याने गाठावे लागते.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप, ओझे वाढेल. सीबीएसईत इंग्रजी, भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र मिळून विषय पाचच होतात. फरक इतकाच की पाचव्या जागी शारीरिक शिक्षणासारखा विषय घेऊन जे गुण सहज मिळतात, ते सोडावे लागतात. हे नुकसान खरे आहे, मी ते लपवत नाही. पहाटेची पीटी, परेड, खेळ आणि रात्रीची प्रेप सांभाळून चार अवघड विषय करणे सोपे नाही. पण टक्केवारी एका निकालापुरती असते, विषय मात्र पुढे अनेक वर्षे सोबत राहतात.

दुसरा आक्षेप, प्रत्येकाला हे झेपणार नाही. मान्य. ज्याला इतिहास किंवा अर्थशास्त्र मनापासून आवडते, त्याने केवळ लोक काय म्हणतील म्हणून विज्ञान घेऊच नये. मी बोलतो आहे ते विज्ञानात पदवी घ्यायची म्हणणाऱ्यांबद्दल.

तेव्हा तिघांना तीन विनंत्या. सर आणि मॅडम, अकरावीच्या वेळापत्रकात गणित आणि जीवशास्त्राचे तास एकाच वेळी असतात, त्यामुळे इच्छा असली तरी दोन्ही घेता येत नाहीत. ते वेगळे करता आले, तर पाच-सहा जणांचीच तुकडी झाली तरी चालेल. बोर्डाकडे नोंदणी होण्यापूर्वी एक घटक चाचणी दोन्ही विषयांची देऊ द्यावी. ज्याला झेपणार नाही, तो स्वतःच एक विषय सोडेल.

पालकहो, "काय होणार?" हे विचारण्याआधी "काय वाचायला आवडते?" हे विचारा. पंधराव्या वर्षी पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी फार थोड्यांकडे असते, दुसऱ्याचे जवळपास सगळ्यांकडे असते.

आणि दहावीतल्या मित्रांनो, हाउसमधल्या जिवलग दोस्ताने जे घेतले ते आपणही घ्यायचे, हा निकष फुटबॉलच्या संघासाठी ठीक आहे. विषयांच्या फॉर्मवर सही करण्याआधी ज्या अभ्यासक्रमाला जायचे आहे, त्याची पात्रता एकदा स्वतः वाचा. दहा मिनिटे लागतात. मी माझ्या फॉर्मवर दोन्ही विषय लिहिले आहेत. आता वेळापत्रकाची वाट पाहतो आहे.