मोल दिलेल्या गेमची मालकी कोणाची?




चाकण, महाळुंगे, निघोजे या पट्ट्यात पाळ्यांत राबणारे जे असंख्य तरुण भाड्याच्या खोल्यांतून राहतात, त्यांच्यापैकी कित्येकांचा विरंगुळा हप्त्यांवर घेतलेल्या लॅपटॉपवरील गेम हाच असतो. परंतु मोबाइलचा दिवसाचा डेटा संपला, किंवा गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद होऊन राउटर थांबला, की एकट्याने खेळावयाची, पुरते पैसे मोजून घेतलेली गेमही पुष्कळदा सुरू होत नाही, कारण नक्कल रोखण्यासाठी तीत बसविलेली यंत्रणा दूरच्या सर्व्हरची अनुमती मिळाल्यावाचून पुढे सरकू देत नाही.

गेम रचणाऱ्यांच्या स्वामित्वहक्काविषयी मला पूर्ण आदर आहे. तथापि चोरून पसरविलेल्या प्रतीतून ही यंत्रणा आधीच काढून टाकलेली असल्यामुळे तिचा जाच केवळ प्रामाणिक ग्राहकाच्याच वाट्याला येतो, ही वस्तुस्थिती नाकारता येणार नाही. अखंड इंटरनेट ही तांत्रिक अपरिहार्यता आहे, हा युक्तिवादही टिकत नाही: मार्च २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली 'सिमसिटी' ही गेम सर्व्हर कोलमडल्यामुळे ग्राहकांना कित्येक दिवस धड खेळता आली नाही, आणि सर्व्हरवाचून ती चालणे दुष्कर असल्याचे प्रारंभी सांगणाऱ्या प्रकाशकांनीच वर्षभराने तिला इंटरनेटविना खेळण्याची सोय जोडली.

याहून गंभीर प्रकरण 'द क्रू' या मोटारशर्यतीच्या गेमचे. पुण्यातही स्टुडिओ असलेल्या युबिसॉफ्ट कंपनीने २०१४ मध्ये विकलेली ही गेम एकट्याने खेळतानाही सर्व्हरवर अवलंबून होती. ३१ मार्च २०२४ रोजी तो बंद होताच ती सर्वांसाठी निरुपयोगी झाली, आणि पुढे अनेकांच्या खात्यांतून तिचा परवानाही काढून घेण्यात आला. लोकक्षोभानंतर त्याच कंपनीने 'द क्रू २' मध्ये इंटरनेटविना खेळण्याची तजवीज केली, यावरून इच्छा असल्यास मार्ग निघतो हे सिद्ध होते.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने घातलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने नक्कलरोधक यंत्रणेचे असे कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद करते. कुलपाला असे संरक्षण असताना, कुलपाआडची वस्तू ज्याने मोल देऊन घेतली त्याने दाद कोठे मागावी? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, वाजवी कारणाविना एका पक्षास करार एकतर्फी संपविण्याची मुभा देणाऱ्या अटीस अन्याय्य करारांत गणतो. माझ्या मते गेमच्या कबुलायतीतील बारीक अक्षरांतली कलमेही याच कसोटीवर तपासली गेली पाहिजेत. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून, आपण मालकी नव्हे तर केवळ परवाना विकत आहोत, हे विक्रेत्याने खरेदीच्या वेळीच स्पष्ट सांगणे बंधनकारक आहे. हे स्वागतार्ह असले तरी अपुरे आहे, कारण सूचना वाचून ग्राहक सावध होईल, पण त्याची बंद पडलेली गेम त्यामुळे चालू होणार नाही.

म्हणून बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात जिचा पाया घातला, त्या ग्राहक पंचायतीच्या पिंपरी-चिंचवड परिसरातील कार्यकर्त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे, की त्यांनी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे रीतसर अर्ज करून, सर्व्हर किमान किती मुदत चालेल हे विक्रीच्या वेळीच जाहीर करण्याची, आणि तो बंद करण्यापूर्वी इंटरनेटविना चालणारी आवृत्ती प्रत्येक ग्राहकास विनामूल्य देण्याची सक्ती प्रकाशकांवर व्हावी, अशी मागणी करावी.

आपला नम्र,
एक वाचक, निगडी