दुसरा स्पीकर जोडण्यापूर्वी

हल्ली वस्त्यावस्त्यांतील मुले गिटार शिकू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. घरचे पोटाला चिमटा घेऊन मुलाला कॉम्बो घेऊन देतात. कॉम्बो म्हणजे एकाच पेटीत ॲम्प्लिफायर आणि स्पीकर. पुढे मैदानावर कार्यक्रम ठरतो, आवाज पुरत नाही, मग कोणाकडून तरी स्पीकरची पेटी आणून घाईघाईने जोडली जाते. इथेच घात होतो.

प्रत्येक स्पीकरवर ओहमचा आकडा असतो: 4, 8 किंवा 16. कॉम्बोतला स्पीकर 8 ओहमचा असेल आणि बाहेरचाही 8 ओहमचा समांतर जोडला, तर एकूण 4 ओहम होतात. आम्ही वाणिज्य शाखेचे, दिवसभर आकडेमोड करणारे. पण हा हिशेब खतावणीच्या उलटा आहे. इथे दोन रकमा एकत्र आल्या की बेरीज घटते. 8 आणि 4 मिळून 2.67 ओहमच उरतात. ओहम घटले की ॲम्प्लिफायरला जास्त करंट द्यावा लागतो.

म्हणून कॉम्बोच्या मागे किंवा माहितीपुस्तिकेत कमीत कमी किती ओहम लिहिले आहेत ते आधी वाचा. ट्रान्झिस्टरचा सेट त्या आकड्याखाली नेल्यास तापून जळू शकतो. ओहम जास्त असले तर फक्त आवाज कमी होतो. व्हॉल्वच्या सेटला मात्र सांगितलेलाच आकडा हवा. स्पीकर काढून तो चालवला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती असते. फेंडरच्या 22 वॅटच्या डिलक्स रिव्हर्बला मागे दोन सॉकेट असतात. मुख्य सॉकेट रिकामे ठेवून पिन दुसऱ्यात घातली, तर आवाजच येत नाही, कारण रिकामे मुख्य सॉकेट आतून शॉर्ट होते. ती सोय सेट वाचवण्यासाठीच आहे.

वॅटचाही विचार करा. सारख्या ओहमच्या दोन स्पीकरांत ताकद निम्मी-निम्मी वाटली जाते. 4 आणि 8 ओहम समांतर असतील, तर 4 ओहमवाल्यावर दुप्पट भार येतो. बाहेरच्या पेटीची क्षमता ॲम्प्लिफायरच्या वॅटपेक्षा जास्त असलेली बरी.

वायर स्पीकरचीच, जाड, दोन पदरी घ्या. गिटारची वायर दिसायला तशीच, पिनही तीच. पण आतली तार बारीक असते, ती तापते. हेडफोन किंवा लाइन आउटच्या सॉकेटात पेटी जोडू नका. जोडताना-काढताना सेट बंद ठेवा. सेट उघडून काही शोधू नका. वीज बंद केल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतके व्होल्ट साठलेले राहू शकतात.

शेवटी अर्थिंग. गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या अर्थशी जोडलेल्या असतात आणि वाजवणाऱ्याची बोटे त्याच तारांवर असतात. 1972 साली वेल्समधील स्वान्सी येथे लेस्ली हार्वे हा गिटारवादक मंचावर मायक्रोफोनला हात लागताच विजेच्या धक्क्याने गेला. अर्थिंग नीट नव्हते. आपल्याकडे तर प्लगची मोठी पिन काढून टाकतात, उघड्या तारा काड्यांनी सॉकेटात खोचतात. मित्रांनो, हे आजपासून बंद करा. मंडपातल्या बोर्डाला अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडून तपासून घ्या, मगच गिटार हाती घ्या. आवाज थोडा कमी पडला तर श्रोते दोन पावले पुढे येऊन बसतील. घरातला मुलगा मात्र परत येत नाही.