भाडेकरू कोण?

आमच्या परसात एक ग्राउंडहॉग राहते. (हो, राहते. मादी आहे, लेकुरवाळी आहे.) फोनवर हे सांगितलं की तिकडून हमखास दोन प्रश्न येतात. पहिला, "म्हणजे घूस का गं?" आणि दुसरा, "मग हाकलत का नाही?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं लांबतं, म्हणून लिहूनच काढते.

तर, घूस नव्हे. खारीच्या कुळातला, आखूड पायांचा, तीन-चार किलो वजनाचा हा तपकिरी प्राणी. वेळ पडली तर झाडावर चढतो, धोका दिसला की चक्क शिट्टी मारतो. लडाखमध्ये पँगाँगच्या वाटेवर पर्यटक ज्याला बिस्किटं भरवत फोटो काढतात, तो मार्मोट म्हणजे याचा चुलतभाऊच.

आम्ही पेनसिल्व्हेनियाच्या खेड्यात राहतो आणि इथे या प्राण्याचं नशीब मोठं गमतीचं आहे. 2 फेब्रुवारीला पंक्सटॉनी गावात उंच टोप्या घातलेली मंडळी 'फिल' नावाच्या ग्राउंडहॉगला बाहेर काढतात. त्याला सावली दिसली तर हिवाळा अजून सहा आठवडे! 1887 पासून हा सोहळा चालू आहे. (अंदाजासाठी नाणं उडवलं तर जास्त बरं.) उरलेले 364 दिवस मात्र तोच प्राणी शेतकऱ्याचा शत्रू. 1883 मध्ये न्यू हॅम्पशायरच्या विधिमंडळानं तर याच्यावर समिती नेमली आणि मारलेल्या प्रत्येक ग्राउंडहॉगमागे 10 सेंटचं बक्षीस लावलं. निसर्गात रमलेल्या थोरोनंही घेवड्याची नासधूस करणारा एक ग्राउंडहॉग मारून खाल्ला होता. 'वॉल्डन'मध्ये त्यानंच तसं लिहून ठेवलंय.

म्हणजे घेवड्यावरून राग येणं ही थोर परंपरा आहे. आमच्याही दोन ओळी गेल्या वर्षी दोन सकाळींत सफाचट झाल्या. तेव्हा शेजारचे आजोबा पिंजरा घेऊन दारात हजर. "मारू नकोस. पकड आणि दहा मैलांवर सोडून ये." माणूस फार चांगला, हेतूही चांगला. पण माझा वाद आहे तो नेमका या 'दयाळू' उपायाशी.

अनोळखी रानात सोडलेल्या प्राण्याला ना बीळ, ना वाटा ठाऊक. बीळ म्हणजे नुसतं भोक नसतं. त्याला दोन-चार दारं, झोपायची खोली, मलविसर्जनाची वेगळी जागा, असा सगळा संसार असतो. शरद ऋतूत नेऊन सोडलं तर हिवाळ्याआधी तो पुन्हा कधी खणायचा? मे-जूनमध्ये आई उचलली तर आत पिल्लं उपाशी. शिवाय आजारी प्राणी असेल तर रोगही सोबत जातो. म्हणूनच बऱ्याच राज्यांत परवानगीशिवाय असं स्थलांतर करायला कायद्यानं मनाई आहे. आणि एवढं करून रिकामं, आयतं बीळ दुसरा ग्राउंडहॉग पटकावतोच. मग दया नक्की कुणावर केली? मला वाटतं, फक्त स्वतःच्या मनावर. मरण डोळ्यांआड झालं, एवढंच.

त्यापेक्षा आम्ही जाळी घातली. तीन फूट उंच, खालची फूटभर बाहेरच्या बाजूला वळवून मातीत पुरलेली, वरची कड मुद्दाम सैल, म्हणजे चढणारा डगमगतो. एका शनिवारचं काम. घेवडा वाचला. (घराचा पाया पोखरला जात असता तर वेगळा विचार करावा लागला असता, हे मान्य. तिचं बीळ कुंपणाच्या कडेला आहे.)

आता सकाळच्या चहाबरोबर खिडकीतून तिला बघणं हा आमचा नेम झालाय. क्लोव्हर खाताना दर चार घासांनी ती मान वर करून चौफेर पाहते. यंदा जूनमध्ये तीन पिल्लं दाराशी आली. ऑगस्टपर्यंत ती आपापल्या वाटेनं गेली. आईनं ना डोळे पुसले, ना डबा बांधून दिला. खाऊन खाऊन ती गोल होईल, मग थंडीत जमिनीखाली जाईल. एरवी मिनिटाला ऐंशीच्या आसपास पडणारे तिचे ठोके चार-पाचांवर येतील आणि आम्ही वर बर्फ उपसत असू.

आम्ही तिला नाव ठेवलेलं नाही, खायला घालत नाही, जवळ जात नाही. रानटी जिवावरचं प्रेम असंच असावं, असं माझं मत आहे. बिस्किट भरवणं आणि भविष्य सांगायला लावणं, दोन्हींत त्याला आपल्या कामाला जुंपणंच आहे.

राहता राहिला "हाकलत का नाही" हा प्रश्न. हाकलायचं कुठे? घनदाट जंगल तिला फारसं मानवत नाही. तिला हवी शेताची, गवताची आणि झाडीची कड. ती कड माणसानं जंगल तोडून तयार केली. म्हणजे आवतण आपणच दिलं आणि पंगत बसल्यावर आता पान काढून घ्यायचं?

खरेदीखतावर नाव आमचं आहे, हे खरं. पण तिला वाचता कुठे येतं!