दमलेला डॉक्टर, न विचारलेली बाई

डॉक्टरांच्या थकव्याशी आपल्याला काय देणंघेणं, असा सवाल आमच्या गटाच्या बैठकीत एकीनं टाकला. बंगले बांधतात, गाड्या घेतात, वर दमतातही! हशा झाला. मैत्रिणींनो, हा हशा आपल्याला परवडणारा नाही. डॉक्टरच्या थकव्याची किंमत मोजते ती रांगेतली बाई.

मिरज हे डॉक्टरांचं गाव. 1894 साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथं मिशनचं रुग्णालय उभारलं. पुढे 1962 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. अथणी-रायबागपासूनचे पेशंट इथं उतरतात. हृदय, किडनी, मेंदू, अवयवागणिक पाट्या आहेत. घरातल्या तीन पिढ्यांची दुखणी ठाऊक असलेला फॅमिली डॉक्टर मात्र मागे पडत चालला. जो उरलाय तो एकटाच सकाळ-संध्याकाळ बसतो. त्याच्या जागी बसायला दुसरं कुणी नाही, रात्रीही फोन चालू. फी वाढवली तर पेशंट तुटतो, म्हणून नंबर वाढवायचे. दोन मिनिटांत एक पेशंट हा हिशेब तिथून येतो. 67 देशांतल्या अभ्यासांचा एक आढावा 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टर एका पेशंटला स्वीडनमध्ये सरासरी 22 मिनिटं देतो, भारतात जेमतेम 2.

दोन मिनिटांत सर्दी-खोकला बसतो. बाईचं दुखणं बसत नाही. ती आधी कंबर सांगते, मग चक्कर, आणि अंगावरून पांढरं जातं हे उठता उठता, दाराशी. नवऱ्यानं मारलेलं तर तिसऱ्या खेपेला, तेही कुणी विचारलं तर. दमलेला डॉक्टर विचारत नाही. विचारलं तर ऐकावं लागेल. मग एक इंजेक्शन, नाहीतर सलाईन, आणि वर 'टेन्शन घेऊ नका'. बाहेर बसलेल्या सासूला हे निदान फार सोयीचं असतं! डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत बायकांची तपासणी केली, ते निष्कर्ष 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. 92 टक्के बायकांना स्त्रीरोग होते. त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. आणि आजही? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं.

डॉक्टर मंडळी या थकव्याला 'बर्नआउट' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये स्पष्ट केलं की हा आजार नव्हे, कामाच्या जागी साचलेल्या ताणातून येणारी अवस्था आहे. म्हणजे दोष कामाच्या रचनेत आहे. आणि त्यावर उपाय काय सुचवतात, तर ध्यान, प्राणायाम, हसत राहा. सुनेला 'सोसायला शीक' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. लेडी डॉक्टरची तर दुहेरी पाळी. नवरा-बायको दोघं एकाच दवाखान्यातून घरी येतात. तो पेपर उघडतो, ती कुकर लावते. आणि डॉक्टर ज्यांच्यावर वैताग काढतो त्या नर्सचं, मानधनासाठी रस्त्यावर उतरावं लागणाऱ्या आशाताईंचं काय? त्यांच्या थकव्याला अजून नावसुद्धा नाही.

म्हणून डॉक्टरांच्या कामाचे तास हा आपलाही प्रश्न आहे. त्यांची बाजू घ्या असं मी म्हणत नाही. कट घेणारा, न तपासता पिशवी काढायला पाठवणारा डॉक्टर दमलाय म्हणून सुटत नाही. पण एकट्या डॉक्टरवर सगळं लादून बाईला न्याय मिळणार नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' आणि महापालिकेनं 2000-01 च्या सुमारास 'दिलासा' केंद्र सुरू केलं. छळ सोसणाऱ्या बाईला ओळखायला डॉक्टर-नर्सना शिकवलं आणि तिचं ऐकून घ्यायला समुपदेशक बसवली. हे मिरजेत, तालुक्याच्या गावी का नको? खाजगीतल्या तीन-चार डॉक्टरांनी मिळून पाळ्या लावून एकच दवाखाना का चालवू नये?

तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सरकारी निकष आहे. आपल्या केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत जाल तेव्हा औषधांच्या यादीबरोबर हेही लेखी मागा: डॉक्टर-नर्सची किती पदं रिकामी आहेत, कुणाची ड्युटी सलग किती तासांची, आणि बाईला तपासताना ओढायला पडदा आहे का.